दोन तासांची मुलाखत: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात राजकारणावर बोलणारा माणूस शोधावा लागत नाही. बिंदू चौकात किंवा कुठल्याही तालमीच्या दारात ‘हद्दवाढीचं काय झालं हो?’ एवढं विचारलं तरी तासभराची सोय होते. तोच तासभर रेकॉर्ड करून घरी ऐकायला बसलं की अडचण कळते. ‘त्यांनी अडवलं’, ‘वरनं दबाव आला’, ‘कोट्यवधी गेले’ हे सगळं त्यात असतं. कुणी, कधी, किती आणि कुठल्या कागदावर, हे मात्र नसतं. राजकारण, संस्कृती किंवा सरकारी धोरणावर लांब मुलाखती सुरू करायच्या असतील तर नव्या माणसाने निम्म्याहून अधिक वेळ या चार गोष्टींवर घालवावा. माईक आणि कॅमेरा नंतर येतात.

आधी एका ओळीचा प्रश्न लिहा

‘कोल्हापूरचा पूर’ असं कागदावर लिहून मुलाखतीला बसलात तर पाहुणा २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या आठवणी सांगेल आणि वेळ संपेल. ‘२०१९ नंतर निळ्या पूररेषेच्या आत किती बांधकामांना परवानगी दिली?’ हा प्रश्न चालतो, कारण त्याचं उत्तर एका कार्यालयाच्या फाइलीत आहे. कसोटी सोपी आहे: ज्या प्रश्नावर माहिती अधिकाराचा अर्ज कुणाच्या नावे करायचा हे सांगता येतं, तो प्रश्न मुलाखतीसाठी तयार आहे. सांगता येत नसेल तर तो अजून कापायला हवा.

धोरणावर प्रश्न कसा बांधावा याचा उत्तम नमुना इथल्याच मातीत आहे. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा आरक्षणाचा हुकूम मूळ मजकुरासह वाचा. हुकूम निघाल्यानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांतून भरायच्या. मागासवर्गीय कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा अहवाल दर तिमाहीला सादर करायचा. म्हणजे किती, कुणाला, कधीपासून, आणि अंमल झाला की नाही हे कोण कळवणार, या चारही गोष्टी त्या छोट्याशा हुकमात आहेत. आजच्या कुठल्याही योजनेला हेच चार प्रश्न लावा. चौथ्या प्रश्नाशी बहुतेक पाहुणे अडखळतात, म्हणून तो कधी सोडू नका.

या हुकमाचा दुसराही उपयोग आहे. कोल्हापुरात पाहुणा कुठल्याही पक्षाचा असो, अडचणीत आला की ‘आम्ही शाहूंच्या विचारांचे’ म्हणतो. वाद घालू नका. शांतपणे विचारा: कुठला निर्णय? १९०२ चा हुकूम, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, की मार्च १९२० ची, आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालची माणगाव परिषद? त्या निर्णयाशी तुमच्या आजच्या भूमिकेचा संबंध कुठे येतो? अभ्यासू पाहुणा इथे खुलतो. बाकीचे घोटभर पाणी पितात, आणि तेही श्रोत्यांना बरंच काही सांगून जातं.

कागद: सहा आठवडे आधी

माहिती अधिकाराचा अर्ज मुलाखतीच्या किमान सहा आठवडे आधी टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. नवे लोक हमखास इथे चुकतात: एकाच अर्जात रस्ते, पाणी आणि पार्किंग कोंबतात आणि अर्ज परत येतो. ‘का केलं?’ असं विचारू नका. माहिती अधिकारात असलेली कागदपत्रं मागता येतात, कारणमीमांसा नाही. ‘अमुक ठरावाची, त्यावरील टिप्पणीसह, प्रत द्यावी’ असं लिहा. प्रत पानाला २ रुपयांनी मिळते. फाइल जाडजूड असेल तर प्रतींऐवजी प्रत्यक्ष पाहणी मागा. पहिला तास मोफत असतो आणि कुठली पानं खरोखर लागतात ते तिथेच कळतं. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. तेवढ्यासाठी मुलाखत पुढे ढकलायची की ‘अर्ज केला, उत्तर आलेलं नाही’ असं पाहुण्यासमोर मांडायचं, हे विषय बघून ठरवा.

शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांच्या लांबलचक सांकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस. पाहुणा ‘गेल्या सरकारचा निर्णय’ म्हणाला तर त्या आठ आकड्यांवरून खरंखोटं जागेवर कळतं. निवडणूक लढवलेल्या पाहुण्याचं नमुना २६ मधलं (संपत्ती आणि गुन्ह्यांची माहिती देणारं) प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. तेही काढून ठेवा. जुन्या विषयांसाठी शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० सालचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. जुनी वर्तमानपत्रं चाळायला किमान एक पूर्ण दिवस धरा. तिथे बातमीपेक्षा बाजूच्या जाहीर नोटिसा जास्त उपयोगी पडतात.

आकडेमोड आधी करून ठेवा

उसावर मुलाखत घ्यायची तर एफआरपीचं, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचं, गणित वहीत सोडवलेलं हवं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये ठरवले. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. आता कारखान्याचा उतारा १२ टक्के धरा. फरक १.७५, म्हणजे साडेसतरा वेळा ३.४६, क्विंटलला ६०.५५ रुपये. टनाला ३,५५० अधिक ६०५.५०, एकूण ४,१५५.५० रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यात येतं.

हे गणित वहीत असेल तर संचालक ‘आम्ही एफआरपीपेक्षा जास्त दिलं’ म्हणाला की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. कुठल्या हंगामाचा उतारा धरला? तोडणी-वाहतूक टनाला किती कापली, आणि ती शेजारच्या कारखान्यापेक्षा जास्त का? पैसे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत जमा झाले का? उशीर झाला असेल तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातलं १५ टक्के व्याज दिलं का? एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा २१ फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द ठरवला. तो मुद्दा शेतकरी संघटनेचा पाहुणा काढणारच, तेव्हा निकालही वाचून ठेवा. शेतकरी ‘पहिली उचल’ म्हणतो, कारखाना ‘पहिला हप्ता’ म्हणतो, अधिकारी ‘एफआरपी’ म्हणतो. हे तिन्ही आकडे दरवेळी सारखे नसतात, म्हणून कोण कशाबद्दल बोलतोय हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

पुराचंही तसंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. म्हणून ‘राधानगरीचं पाणी अचानक सोडलं’ असं कुणी म्हणालं तर दरवाजा कुणी उघडत नाही, पातळी भरली की तो उघडतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं. मग खरा प्रश्न समोर येतो: पाऊस येण्याआधी धरणात पाणी किती ठेवलं होतं? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर वाद निघाला तर ५१९.६० मीटर ही पाणीसाठ्याची आत्ताची कमाल पातळी आणि ५२४.२५६ मीटर ही दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये मान्य केलेली पातळी, एवढे दोन आकडे बोटांवर हवेत. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची, हेही. पाहुणे दोन्हींची सर्रास गल्लत करतात. अलमट्टीवर बोलायला सगळे तयार असतात. नाल्यांवरची बांधकामं आणि महामार्गाचा भराव यांवर बोलायला मात्र निवृत्त अभियंता शोधावा लागतो. त्याच्यासाठी थांबा, त्याची मुलाखत चार पुढाऱ्यांच्या मुलाखतींपेक्षा जास्त दिवस ऐकली जाईल.

पाहुण्याशी आधी काय ठरवायचं

विषय सांगा, प्रश्न पाठवू नका. प्रश्न पाठवले की उत्तरं कुणीतरी लिहून देतं आणि पाहुणा वाचून दाखवतो. मात्र ‘तुमच्या काळातले अमुक दोन ठराव आम्ही काढले आहेत, त्यांवर बोलू’ हे आधी सांगावं. खिंडीत गाठून मिळवलेल्या उत्तरात माहिती कमी असते आणि तो माणूस परत येत नाही.

तीन गोष्टी फोनवरच स्पष्ट करा आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पुन्हा म्हणवून घ्या. मुलाखत पूर्ण प्रसिद्ध होईल. काही भाग ‘छापायचा नाही’ असा असेल तर ते बोलण्याआधी सांगायचं, बोलून झाल्यावर नाही. प्रसिद्ध होण्याआधी फाइल दाखवली जाणार नाही, पण आकड्याची चूक असेल तर दुरुस्ती घेऊ. हे आधी बोलून ठेवलं नाही तर रेकॉर्डिंगच्या रात्री ‘तेवढं ते काढून टाका’ असा फोन येतो आणि तुमच्या हातात काहीच नसतं.

पुढारी एकटा येत नाही. सोबत चार-सहा कार्यकर्ते येतात, खोलीत उभे राहतात, मोबाईलवर शूटिंग करतात आणि प्रत्येक टोल्याला हसतात. पाहुण्याचं बोलणं मग तुमच्याशी न राहता त्यांच्याशी सुरू होतं. शेजारची खोली, खुर्च्या आणि चहा यांची सोय आधीच करा. आपल्यातलाच एक जण त्यांच्याबरोबर बसवा. ‘बाहेर थांबा’ म्हणण्यापेक्षा ‘चहा तिकडं ठेवलाय’ हे जास्त चालतं.

संबोधनाचंही ठरवा. सुरुवातीला एकदा ‘साहेब’, ‘आबा’, ‘वहिनी’, जे लोक म्हणतात ते म्हणा. पुढे नुसतं ‘तुम्ही’. प्रत्येक वाक्याला ‘साहेब’ लावत गेलं की दहाव्या मिनिटाला मुलाखतकार कार्यकर्त्यासारखा वाटू लागतो.

खोली आणि सामान

सुमार कॅमेऱ्याची मुलाखत लोक बघतात, घुमणाऱ्या आवाजाची पाच मिनिटांत बंद करतात. पैसे आधी आवाजावर घाला. दोन डायनॅमिक माईक, दोन स्टँड, दोन स्वतंत्र ट्रॅक घेणारा रेकॉर्डर आणि एक कानावर बसणारा हेडफोन, एवढं पुरतं. तेही जमत नसेल तर दोन मोबाईल आणि दोन वायरचे कॉलर माईक. स्वस्तातला बिनवायरचा माईक तासाभराने चार्जिंग संपून बंद पडतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा असणं फार महत्त्वाचं. एकाच ट्रॅकवर दोघांचा आवाज असेल तर पाहुणा बोलत असताना तुम्ही खोकलात तरी ते वाक्य गेलं. माईक तोंडापासून चार बोटं ते एक वीत अंतरावर, समोर धरण्यापेक्षा थोडा तिरपा. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फटका बसत नाही. कॉलर माईक हनुवटीपासून वीतभर खाली. तिथे उपरण्याची घडी किंवा साखळी घासते, ती आधी बाजूला करून घ्यावी. पातळी अशी ठेवा की मोठ्याने बोलल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. पाहुणा चाचणीत हळू बोलतो आणि विरोधकाचं नाव निघालं की दुप्पट चढतो. ती जागा आधीच सोडून ठेवा. एकदा आवाज फाटला की कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता परत येत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव फाइल ठेवली तर एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. दोन माईक, दोन तास, म्हणजे दोन जीबीपेक्षा थोडं जास्त. ३२ जीबीचं कार्ड भरपूर झालं. कॅमेरा जुना असेल तर तो अर्ध्या तासाने आपोआप थांबतो का ते आधी तपासा. कित्येक कॅमेरे थांबतात. सुरुवातीला माईकसमोर एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवताना खूण सापडते.

दहा बाय बाराची, फरशीची, उघड्या भिंतींची खोली घुमते. खाली सतरंजी, पाहुण्याच्या समोरच्या, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन जाड वाकळा टांगा. पाहुण्याचा आवाज ज्या भिंतीवर आदळतो ती समोरची भिंत आधी झाकायची. लोक उलट करतात. पंखा आणि फ्रिज बंद, मोबाईल खोलीबाहेर. पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर ती खोली विसरा. गणपतीच्या दिवसांत राजारामपुरीत संध्याकाळी काही रेकॉर्ड करू नये, एवढं सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सगळं लागलं की कुणी न बोलता ३० सेकंद खोलीचा नुसता आवाज घेऊन ठेवा. एडिटिंगमध्ये कापलेल्या जागा भरायला तो लागतो.

आणि पाहुण्याच्या तोंडात तंबाखू किंवा पान नाही ना, हे पाहा. संकोच नको. चूळ भरायला पाणी पुढे करा, बहुतेकांना कळतं.

बोलणं चालू असताना

दोन तासांच्या रेकॉर्डिंगमधून दीड तास हाती लागतो. त्यासाठी सात-आठ मुद्दे पुरे. पंचवीस प्रश्नांची यादी घेऊन बसलात तर उत्तर ऐकण्याऐवजी पुढचा प्रश्न शोधत राहाल. पहिली दहा मिनिटं पाहुण्याच्या सवयीच्या विषयावर जाऊ द्या, पण चरित्र सांगू देऊ नका. जन्मगाव, शाळा, वडिलांचे कष्ट हे सगळीकडे उपलब्ध असतं. ‘पहिल्यांदा सभागृहात कुठल्या विषयावर बोललात?’ अशी सुरुवात बरी.

अवघड प्रश्न चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास टाका. शेवटी ठेवला तर पाहुण्याला पुढची सभा आठवते. कागद दाखवायचा असेल तर प्रत त्याच्या हातात द्या, वाचायला वेळ द्या आणि श्रोत्यांसाठी तारीख व विषय मोठ्याने वाचा. उत्तर आलं की लगेच पुढे जाऊ नका. चार-पाच सेकंद गप्प राहा. ठरलेलं उत्तर संपल्यावर या शांततेत पाहुणा बहुधा दुसरं वाक्य बोलतो, आणि कामाचं तेच असतं. ‘हो हो’, ‘बरोबर’, ‘लई भारी’ हे तोंडातून काढू नका, मान हलवा. एडिटिंगचा त्रास वाचतो आणि तुम्ही सहमत आहात असा अर्थही निघत नाही.

‘ते सगळ्यांना माहीत आहे’ असं उत्तर आलं तर: ‘कोल्हापूरबाहेरच्या ऐकणाऱ्याला सांगा.’ ‘काही लोकांनी अडवलं’ आलं तर: ‘कुठल्या बैठकीत? इतिवृत्तात नोंद आहे का?’ तिसऱ्यांदा विचारूनही टाळलं तर सोडून द्या. टाळलेलं ऐकणाऱ्याला ऐकू येतं. चौथ्यांदा विचारलंत की सहानुभूती पाहुण्याकडे जाते.

पाहुण्याने कुणावर नाव घेऊन भ्रष्टाचाराचा आरोप केला तर त्याच क्षणी पुरावा विचारा आणि वेळेची नोंद करा. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो आणि प्रसिद्ध करणाराही त्यात सापडू शकतो. पुरावा नसेल तर तेवढा भाग काढा. असेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला लेखी विचारून त्याचं म्हणणं सोबत द्या.

संस्कृतीवरच्या मुलाखतीत हातातल्या वस्तूपासून सुरुवात करा. चप्पल करणाऱ्या कारागिराला ‘परंपरेबद्दल काय वाटतं?’ विचारलं तर तो संकोचतो. जोड हातात देऊन ‘यात किती जणांचे हात लागले, प्रत्येकाला काय मिळालं?’ विचारलं की सगळा व्यवहार बाहेर येतो. मग २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्याचा त्याला प्रत्यक्ष काय फायदा झाला, इकडे वळता येतं. नाटकवाल्यांशीही तसंच: ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्याबद्दल हळहळ सगळे व्यक्त करतील. त्यानंतर प्रयोग कुठे केले, भाडं किती पडलं, कुठली नाटकं आलीच नाहीत, हे विचारायचं.

नंतरचं काम

त्याच रात्री फाइलच्या तीन प्रती करा, एक घराबाहेर. मग पूर्ण ऐका आणि प्रत्येक तारीख, रक्कम, नाव वेगळं काढून तपासा. दीड तासाच्या मुलाखतीला यात दोन पूर्ण दिवस जातात. पाहुण्याचा आकडा चुकला असेल तर त्याचा आवाज बदलू नका. तिथे तुमच्या आवाजात दुरुस्ती जोडा किंवा पडद्यावर लिहा. अडखळणं, खोकला, पुनरुक्ती कापायला हरकत नाही. प्रश्न आणि उत्तराचा क्रम कधीही हलवू नका. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं तर ते उघडकीस येतं, कारण आजकाल पाहुण्याचा माणूसही समांतर रेकॉर्डिंग करतो.

आवाजाची सरासरी पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) आसपास आणा; रिक्षात बसून मोबाईलवर ऐकणाऱ्यालाही नीट ऐकू जातं. यूट्यूबवर टाकताना वर्णनात मुद्द्यांच्या वेळा द्या. पहिली वेळ ०:०० असायलाच लागते, आणि वेळांच्या किमान तीन नोंदी नसतील तर व्हिडिओचे भाग पडत नाहीत. ज्या कागदांचा उल्लेख झाला ते खाली जोडा, फक्त त्यांतले खासगी पत्ते आणि फोन नंबर झाकून.

मिनिटभराची क्लिप काढताना प्रश्नासकट काढा. नुसतं उत्तर तोडलं तर ते संध्याकाळपर्यंत विरोधी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळ्याच मथळ्याखाली फिरतं. निवडणुकीच्या काळात मतदान संपायच्या वेळेआधीच्या ४८ तासांत उमेदवाराची मुलाखत टाकू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ खाली त्या काळात प्रचाराचा मजकूर दाखवायला बंदी आहे. प्रचार चालू असताना एका उमेदवाराला बोलावलं तर बाकीच्या प्रमुख उमेदवारांनाही तेवढ्याच वेळेचं लेखी निमंत्रण द्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. ते आले नाहीत तर मुलाखतीच्या सुरुवातीला तसं सांगा.